टॉवेलने फसवलेला मीटर

फिल्मचा दुसरा रोल धुण्याच्या टाकीतून काढून न्हाणीघरातल्या दोरीला चिमट्याने अडकवला, खालच्या टोकाला वजनासाठी आणखी एक चिमटा लावला, आणि भाचा गप्पच झाला. ओल्या निगेटिव्हवरून निकाल लावू नये असं मी नेहमी सांगतो, पण इथे बघायला फार काही नव्हतंच. बारापैकी नऊ फ्रेम इतक्या पातळ होत्या की त्यांच्यातून पलीकडची टाइल दिसत होती. आदल्या आठवड्यात सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर काढलेला पहिला रोल मात्र झकास आला होता. कॅमेरा तोच, फिल्म तीच, डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, एकाच बाटलीतला, आणि उजेड मोजायला वापरलेला मोबाईलही तोच.

गुरुवारची रात्र होती. ज्यांचे फोटो काढायचे ते यंत्रमाग न्यायला रविवारी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता, त्यामुळे हातात दोन दिवस होते.

कारखाना आणि कॅमेरा

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या मित्राच्या वडिलांचा, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, इथे कारखाना म्हटलं की चिमणी आणि भोंगा डोळ्यांसमोर आणायचा नाही. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली चार, आठ किंवा बारा माग असले की तो कारखाना. अण्णांकडे आठ होते. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मागाच्या खडखडाटात नुसत्या हाताच्या खुणा, अशी त्यांची भाषेची वाटणी. माल टेरी टॉवेलचा. सोलापुरी चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनावर वीजबिल भागत नाही. अण्णांनी आठही माग वजनावर विकायचं ठरवलं.

भाच्याला त्याआधी फोटो हवे होते, आणि तेही फिल्मवर. मी म्हटलं, मोबाईल आहे की. तर म्हणाला, "मोबाईलमध्ये शंभर काढलेत मामा. एकपण परत उघडून बघितला नाही."

यावर मला काही बोलता येईना. माझा नवी पेठेत एकोणीस वर्षं स्टुडिओ होता. मी कपाटातून याशिका मॅट १२४ जी काढून त्याच्या हातात दिला. एकावर एक दोन लेन्सचा, पोटाशी धरून वरून खाली बघायचा कॅमेरा. हे मॉडेल १९७० साली आलं. माझ्याकडचा जुन्या बाजारातला आहे. १२० च्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा चौकोनी फ्रेम निघतात. लेन्स ८० मिमीची, जास्तीत जास्त एफ/३.५ पर्यंत उघडणारी (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आणि शटर एका सेकंदापासून १/५०० पर्यंत. फिल्म इलफर्डची एचपी५ प्लस, आयएसओ, म्हणजे फिल्मचा वेग, ४००. धुण्याचा खर्च धरला तर एका फ्रेमला शंभराची नोट जाते, म्हणून "दोन-चार जास्तीचे काढून ठेवू" हा मार्ग बंद.

या कॅमेऱ्यात उजेड मोजायचा स्वतःचा मीटर आहे. हूड उघडला की काटा जागा होतो. पण तो पीएक्स ६२५ या पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर बेतलेला. पाऱ्यामुळे ते सेल बनायचे बंद झाले. त्याच मापाचा अल्कलाइन सेल बसतो, पण तो १.५ व्होल्टचा, आणि वापरता वापरता उतरत जाणारा. माझ्या कॅमेऱ्यात तो घातला की काटा आहे त्यापेक्षा दीड स्टॉप जास्त उजेड दाखवतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कधी हलतच नाही. स्टुडिओत मला त्याची गरज पडली नव्हती. दिवे ठरलेले, अंतर ठरलेलं. बाहेर लख्ख ऊन असलं की छिद्र सोळावर आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं, ४०० च्या फिल्मला १/४००, हा जुना नियम. बाकी ढग, सावली, मांडवाखाली असले हिशेब बोटांवर.

"ॲप हाय की मामा," भाचा म्हणाला.

पहिला रोल आणि माझी चूक

मोबाईल दोन तऱ्हांनी उजेड मोजू शकतो. एक म्हणजे कॅमेऱ्यातून. ॲप मागच्या कॅमेऱ्याला समोरचं दृश्य दाखवतं, कॅमेरा स्वतःसाठी जो वेळ आणि आयएसओ ठरवतो ते आकडे उचलतं, त्यात लेन्सचं कायम असलेलं छिद्र मिळवतं आणि तुमच्या फिल्मसाठी हिशेब करून देतं. वस्तूवरून परत आलेला उजेड यात मोजला जातो. दुसरी तऱ्हा पडद्याच्या वरच्या कडेला असलेल्या बारक्या सेन्सरची, जो उन्हात गेल्यावर पडदा उजळ करतो. तो फोनवर पडणारा उजेड लक्समध्ये सांगतो. अँड्रॉइडवर ॲपला हा आकडा मिळतो. आयफोनमध्ये बाहेरच्या ॲपला तो सेन्सर उघडा नाही, तिथे कॅमेऱ्यावरच भागवावं लागतं. भाच्याचा फोन अँड्रॉइड, पण त्याने पहिली, सोपी तऱ्हा धरली.

फेब्रुवारीतली दुपार होती. तलावाचा काठ, भुईकोट किल्ल्याची भिंत, पायरीवर बसलेली माणसं. उन्हात ॲप म्हणालं, एफ/१६ ला १/८००. शटरवर १/५०० च्या पुढे जागा नाही, म्हणून त्याने छिद्र सोळा आणि बावीसच्या मधोमध आणलं. मी शेजारीच होतो. म्हटलं, उन्हात सोळाच्या नियमाने तू पाऊण स्टॉप उजेड कमी देतोयस. तो म्हणाला, बघू तर खरं.

रोल धुतला, बाराच्या बारा फ्रेम नीट. किल्ल्याच्या दगडाचे सांधे दिसत होते आणि आकाशही काळं ठिक्कर झालं नव्हतं. मी माझ्याच नियमाला दोष दिला. तलावाची चमक असेल, हवा जास्त स्वच्छ असेल. आणि भाच्याला सांगून टाकलं की ॲप बरोबर आहे, बिनधास्त वापर. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ हे एक वाक्य आहे, आणि ते माझं आहे.

दुसरा रोल

गुरुवारी तो एकटाच कारखान्यात गेला. मी नव्हतो, पण त्याने केलं काय हे नंतर त्याच्याकडून क्रमाने वदवून घेतलं. दारापाशी ट्रायपॉड लावला. तिथूनच मोबाईल समोर धरला. समोर माग, मागावर उतरणारा पांढराशुभ्र टॉवेल, बाजूला घड्यांची चळत, त्यामागे विणकर. वर पत्र्यात मध्येमध्ये उजेडाचे पारदर्शक पत्रे बसवलेले, त्यातून उजेड सरळ खाली. ॲपने सांगितलं, एफ/४, १/१२५. भाचा खूश. पत्र्याखाली १/१२५ मिळतोय म्हटल्यावर ट्रायपॉडही बाजूला ठेवला आणि कॅमेरा गळ्यात अडकवून फिरला.

दोरीवरच्या पट्टीकडे बघून त्याचा पहिला संशय डेव्हलपरवर. "मामा, ते आयडी-११ जुनं झालं असेल." शंका रास्त होती. पातळ निगेटिव्ह दोन कारणांनी होते, उजेड कमी पडला तर किंवा धुलाई कमी पडली तर. दोन्हींतला फरक ओळखायची जागा चित्रात नसते, काठावर असते. फिल्म बनतानाच कंपनी काठावर नाव आणि फ्रेमचे आकडे उजेडाने छापून ठेवते. तुमच्या कॅमेऱ्याचा त्या छपाईशी काही संबंध नाही. ते आकडे गडद, रेखीव आले असतील तर डेव्हलपरने आपलं काम केलेलं आहे. आमच्या रोलवर ते काळेभोर होते. २० अंशाला साडेसात मिनिटं, बादलीत बर्फाचे खडे टाकून पाणी तेवढं ठेवलेलं, सगळं जागच्या जागी. म्हणजे फिल्मवर उजेडच पोचला नव्हता.

त्याहून बोलक्या होत्या त्या बचावलेल्या तीन फ्रेम. तिन्हींत टॉवेल नव्हता. जवळून काढलेला मागाचा काळा, तेलकट सांगाडा, धोट्याची पेटी, आणि भिंतीला टेकवलेला एक जुना बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळायचा रूळ.

शुक्रवार

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राकडून सेकोनिकचा हातातला मीटर एका दिवसासाठी मागून आणला. मोबाईल आणि सेकोनिक शेजारी धरून एकसारख्या उजेडातली साधी, कोरी भिंत मोजायची, एवढाच प्रयोग. ऊन, घराची सावली, जिना, चहाच्या टपरीचा आडोसा आणि अण्णांच्या कारखान्याची मागची भिंत, अशा पाच जागा. प्रत्येक ठिकाणी मोबाईल ०.६ ते ०.७ स्टॉप जास्त उजेड सांगत होता. मीटर बनवणाऱ्या कंपन्यांतही गणिताचा स्थिरांक एक नाही, कुणी १२.५ धरतं, कुणी १४, पण त्याने पडणारा फरक स्टॉपच्या सहाव्या हिश्श्याइतका. आमची तफावत त्याच्या चौपट. फोन जो आयएसओ सांगतो तो, आणि लेन्समधून प्रत्यक्ष पार होणारा उजेड, यांचा मेळ कागदावरच्यासारखा नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

ही काही वाईट बातमी नाही. पाचही ठिकाणी चूक एकसारखी होती, म्हणजे ती एकदा वजा केली की संपली. घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे असेल तर गाडी चुकत नाही. कधी पाच आणि कधी वीस असेल तर चुकते. ॲपमध्ये दुरुस्तीची सोय असते, तिथे दोन तृतीयांश स्टॉपची वजाबाकी कायमची घालून टाकली.

पण मग पहिला रोल नीट कसा आला? तिथेही हीच चूक होती ना? या प्रश्नाने मला जेवू दिलं नाही.

रात्री कॅमेऱ्याची मागची झडप उघडून शटर तपासायला घेतलं. मंद वेगांसाठी मोबाईलच पुरला. सेकंदाला २४० चित्रांच्या स्लो मोशनवर ठेवायचा, लेन्सच्या पलीकडे दिवा, आणि शटर किती चित्रं उघडं दिसतं ते मोजायचं. १/३० ला आठ चित्रं दिसली पाहिजेत, आठच दिसली. १/१५ ला सोळा. वेगवान आकड्यांसाठी ही युक्ती चालत नाही, १/५०० मध्ये एक अख्खं चित्रही मावत नाही. भाच्याने एका हेडफोनच्या पिनेला फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेड ओळखणारा बारका भाग, डकवला, पीन लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली आणि शटर मारलं. पडद्यावर उजेडाचा उंचवटा उमटला. त्याची रुंदी दोन मिलिसेकंद हवी होती. भरली ३.३. पुन्हा मारलं, तेवढीच. माझा १/५०० हा खरं तर १/३०० होता. १/२५० सुद्धा सुस्त होता, १/१२५ पासून खाली सगळं ठाकठीक.

म्हणजे तलावावर मोबाईल पाऊण स्टॉप उजेड कमी द्या म्हणत होता, आणि म्हातारं शटर परस्पर तेवढाच जास्त देत होतं. दोन चुकांनी एकमेकींचं उट्टं काढलं आणि आम्ही त्याला परीक्षा पास झाली म्हणालो. त्यात निगेटिव्ह फिल्म उजेड जास्त पडला तर सोसून घेते. कमी पडला तर सावलीतलं जे फिल्मवर उमटलंच नाही ते कुठूनही आणता येत नाही. उन्हात घेतलेली चाचणी त्यामुळे कुणालाही नापास करत नाही. नव्या ॲपची परीक्षा उन्हात घेणं म्हणजे पोहता येतं का हे गुडघाभर पाण्यात बघणं. हे मला कळायला हवं होतं.

कारखान्यात शटर १/१२५ वर होतं, म्हणजे इमानदार. मोबाईलची दोन तृतीयांशची चूक तिथे उघडी पडली. आणि तिच्यावर टॉवेल.

कोणताही मीटर, मोबाईल असो की महागडा, परत येणाऱ्या उजेडावरून मोजतो तेव्हा समोर मध्यम राखाडी रंगाचं काहीतरी आहे असं धरून चालतो. पांढरं काय, काळं काय, त्याला ठाऊक नसतं. पांढरा टॉवेल अंगावरचा बहुतेक सगळा उजेड परत फेकतो, मध्यम राखाडीच्या चौपटीहून जास्त, म्हणजे दोन स्टॉप आणि वर थोडं. चौकट पूर्ण टॉवेलने भरली असती तर तेवढी चूक झाली असती. टॉवेल अर्ध्या चौकटीत होता, बाकीचं काळपट, तरी सव्वा-दीड स्टॉप गेलाच. त्यात मोबाईलची घरची चूक मिळवली की बरोबर दोन स्टॉप. एफ/४ ला १/३० हवं होतं आणि मिळालं १/१२५. लोखंडाच्या तीन फ्रेम बचावल्या त्याचंही कोडं सुटलं: काळ्या लोखंडाने मीटरला उलट्या बाजूने फसवलं, जास्त उजेड द्यायला लावला, आणि मोबाईलची तूट भरून निघाली.

एक बारीक गोष्ट आणखी. मोबाईलची मुख्य लेन्स फार रुंद बघते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ८० अंश. याशिकाची ८० मिमी बघते ५३ च्या आसपास. दारातून धरलेल्या मोबाईलमध्ये वरचे उजेडाचे पत्रे दिसत होते. याशिकाच्या चौकटीत ते नव्हतेच. जे फोटोत नाही त्याचाही उजेड हिशेबात धरला गेला. मोबाईल दुप्पट झूमवर ठेवला की हा प्रश्न जवळजवळ मिटतो. आणि कारखान्यात मोबाईलची लेन्स दर दहा मिनिटांनी पुसावी लागते. हवेत तरंगणारी रुई तिच्यावर बसते, आणि भाचा ती शर्टाच्या टोकाने पुसतो, ज्याच्यावर रुई आधीच असते.

सेन्सरचा नाद

आता साधा मार्ग दिसत होता. चेहऱ्यावर पडणारा उजेडच मोजावा, म्हणजे टॉवेल पांढरा की काळा याच्याशी देणंघेणं नाही. सेकोनिकवरचा पांढरा घुमट त्याच कामाचा. मोबाईलचा लक्स सेन्सर तेच करेल, असं भाच्याचं म्हणणं, आणि ऐकायला ते बिनतोड होतं. त्याने विणकराच्या जागी मोबाईल चेहऱ्याच्या उंचीवर, पडदा कॅमेऱ्याकडे करून उभा धरला. सेन्सर म्हणाला १३० लक्स. त्याच जागी सेकोनिकने दिलेल्या ईव्ही ७ चे होतात ३२०. (हिशेब सोपा आहे: ईव्ही ही उजेडाची पायरी; आयएसओ १०० धरला तर शून्य म्हणजे अडीच लक्स, पुढे प्रत्येक पायरीला दुप्पट.)

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. मोबाईलचा सेन्सर काचेखाली, बारक्या खिडकीतून समोर बघतो. आमचा उजेड पत्र्यातून, डोक्यावरून येत होता. घुमटावर तो वरूनही पडतो, सपाट काचेखालच्या सेन्सरपर्यंत पोचत नाही. फोन जरा आभाळाकडे कलवला की आकडा भराभर चढायचा. किती कलवायचा हे कोण ठरवणार? टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून सेन्सरवर चिकटपट्टीने बसवून पाहिला. गंमत म्हणजे ते चाललं. आकडा खाली आला, पण प्रत्येक ठिकाणी सारख्या प्रमाणात, अर्ध्या स्टॉपच्या आत. घरात, खिडकीशी बसून एखाद्याचा फोटो काढायचा असेल तर मी ही युक्ती जरूर सुचवीन. कारखान्यात धुळीने पट्टी दोनदा सुटली, तिसऱ्यांदा वाटी मागाखाली गेली, आणि चालत्या मागाखाली हात घालायचा नसतो.

शेवटी मी त्याला स्टुडिओतला गरिबाचा मीटर दाखवला. तळहात.

माणसांच्या कातडीच्या रंगात जमीन-अस्मानाचा फरक असतो, तळहातांच्या रंगात त्या मानाने फार थोडा. तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. तेव्हा ज्याचा फोटो काढायचा त्याच्या चेहऱ्याशी, त्याच उजेडात तळहात धरायचा, मोबाईलने फक्त तळहातच मोजायचा, आणि निघालेल्या आकड्यात एक स्टॉप उजेड वाढवायचा. चेहराच मोजला तर काय बिघडतं, असं भाच्याने विचारलं. बिघडतं ते असं की परदेशी पुस्तकं चेहरा मध्यम राखाडीच्या एक स्टॉप वर धरायला सांगतात, आणि तो चेहरा त्यांच्याकडचा गोरा असतो. चाळीस वर्षं पत्र्याखाली काढलेल्या सोलापुरी विणकराला तो नियम लावला तर माणूस कागदावर पिठात लोळलेला दिसतो. वर मोबाईलला चेहरा ओळखायची खोड. चौकटीत चेहरा आला की तो आपल्या मर्जीने उजेड बदलतो, आणि आकडा डोळ्यांदेखत हलतो.

शनिवार

तिसऱ्या रोलला मी बरोबर गेलो, पण दाराशी स्टुलावर बसून राहायचं ठरवून. ट्रायपॉड परत पायावर उभा राहिला. भाचा विणकरापाशी गेला आणि माग चालू असताना ओरडून, मग खुणेने, हात दाखवा म्हणाला. त्याने गोंधळून हात पुढे केला. मोबाईल त्या तळहातावर वीतभर अंतरावर. बोटांच्या पेरांना सुताच्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा, अंगठ्याच्या मुळाशी तेलाचा डाग, कडेला रुई. डाग चुकवून मधला भाग मोजायचा, आणि स्वतःच्या मोबाईलची सावली त्यावर पाडायची नाही. दोन्ही चुका त्याने एकेकदा केल्या.

अण्णा मागून आले. "काय ओ, हात बघूलालाव का? बघा की माझाबी. माग कधी जाणार सांगा."

कुणी काही बोललं नाही. मग तेच म्हणाले, "उद्या सकाळी. मलाच ठाऊक हाय," आणि हसून हात पुढे केला. भाच्याने तोही मोजला. एफ/४ ला १/६०, एक स्टॉप वाढवून १/३०. जुन्या सवयीने मी स्टुलावर बसल्या बसल्या साडेतीनला तीस धरलं होतं. थोडं जास्तच, पण चाललं असतं.

१/३० चा एक आडफायदा झाला. कारखान्यात ट्यूबलाइटही होत्या, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. मोबाईलचा आकडा ट्यूबखाली खालीवर व्हायचा तो यामुळे. १/३० मध्ये तीन लुकलुकी पूर्ण सापडतात, फिल्मवर सरासरी उमटते. विणकराचा चेहरा स्थिर, धोट्याच्या जागी नुसती पुसट रेघ.

दहा फ्रेम अशा झाल्या. अकराव्याला भाच्याला सगळे आठ माग एका चौकटीत, पुढून मागपर्यंत रेखीव हवे होते. त्यासाठी छिद्र अकरावर आणायला हवं, म्हणजे शटर बराच जास्त वेळ उघडं. आणि इथे मीटरच्या पलीकडची अडचण निघाली: माग चालू असताना फरशीच थरथरते. ट्रायपॉडच्या पायाला हात लावला तर हाताला मुंग्या. अण्णांना माग बंद करा म्हणायला भाच्याची जीभ रेटेना. शेवटचा दिवस, शेवटचा बीम चढवलेला.

अडीचच्या सुमारास लाइट गेली. पत्र्याखाली जी शांतता पडली तिच्यात वरच्या पत्र्यावरच्या चिमण्या ऐकू आल्या. ट्यूब विझल्या, उरला फक्त पत्र्यातून येणारा उजेड. भाच्याने मधल्या मागापाशी जाऊन आपला तळहात धरला, मोजला, एक स्टॉप वाढवला: एफ/११, चार सेकंद. पण चार सेकंद दिले असते तर फोटो पुन्हा पातळ. एक सेकंदाच्या पुढे फिल्म आळसावते, पडलेल्या उजेडाचा पुरता हिशेब देत नाही. एचपी५ साठी इलफर्ड सांगतं की मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्या. चारचे सहा होतात, वर किंचित. बहुतेक ॲपमध्ये ही दुरुस्ती आपली आपण घालावी लागते. भाच्याने आकडा आदल्या रात्री कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवला होता. दोनचे अडीच, चारचे सहा, आठचे पंधरा. शटर बी वर, म्हणजे केबल दाबून धरू तोवर उघडं, हातात केबल. मी मोठ्याने सहापर्यंत मोजलं. अण्णा कोपऱ्यात उभे होते, श्वास धरून, जणू त्यांच्या श्वासानेही फरशी हलली असती. सावधगिरी म्हणून बारावी फ्रेम दहा सेकंदांची घेतली. फिल्म फिरवून संपवेपर्यंत लाइट आली आणि आठही माग एकदम सुरू झाले.

रात्री धुतलेल्या रोलमध्ये बारापैकी अकरा फ्रेम छापण्याजोग्या निघाल्या. वाया गेली ती पाचवी, तिच्यात भाचा छिद्र बदलायला विसरला होता. सहा सेकंदांची आणि दहा सेकंदांची, दोन्ही छापून पाहिल्या; सहाचीच घेतली, दहाच्या निगेटिव्हमध्ये पुढच्या मागावरचे टॉवेल फार भरले होते. टेरीच्या टॉवेलवरचे सुताचे बारीक वेढे दिसायला हवेत, नाहीतर तो नुसता पांढरा चौकोन. सहाच्या छपाईत ते दिसतात, भिंग लावलं तर मोजता येतात.

अण्णांना तो फोटो चौदा इंचांचा करून दिला. तोवर कारखान्यात फरशीवर बोल्टांची भोकं उरली होती आणि एका कोपऱ्यात सायकली लावायला सुरुवात झाली होती. त्यांनी फोटो खिडकीशी नेला, आधी पुढून मागे आणि मग मागून पुढे बोट फिरवत माग मोजले. सहाव्यापाशी थांबले.

"ह्याची जरा जास्त काळजी घ्यावी लागायची," ते म्हणाले. "डाव्या बाजूला बसायचा सारखा."